कान ‘काहून’ वाजतो, हे रुग्णाला कसं सांगावं?

मॅडम,
मी दोन वर्षांपासून नागपुरात एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारी) म्हणून काम करते. ज्यांच्या कानात महिनोन्‌महिने आवाज येतो, त्यांची तपासणी झाली की ‘कारण समजावून सांग’ म्हणून डॉक्टर त्यांना माझ्याकडे पाठवतात. मागच्या आठवड्यात हिंगणा एमआयडीसीतून निवृत्त झालेले एक काका आले. २८ वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात काढलेली. दोन्ही कानांत शिट्टी, सात-आठ महिन्यांपासून. मी चित्र काढून अंतःकर्ण, पेशी, नस असं सगळं वीस मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले, ‘म्हणजे नस मेली म्हणा नं बाई. आता हे डोक्शात चढन का?’ मी नाही म्हटलं, पण त्यांना पटलं नसावं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा रात्रभर बसून असतात, आवाज आधीपेक्षा वाढला म्हणतात. मी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. मग बिघडलं कुठे? रुग्णाला कारण सांगूच नये का?
– एक ऑडिओलॉजिस्ट, नागपूर

तुझं वय माझ्या मुलीएवढं असावं, म्हणून तू म्हणते.

आधी काकांबद्दल. त्यांचा आवाज खरंच वाढला आहे. ते वाढवून सांगत नाहीत आणि मुलगीही घाबरून बोलत नाही. तू दिलेली माहिती बरोबर होती, तरी तिने त्यांना त्रास झाला. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असू शकतात, आणि कानातल्या आवाजाच्या बाबतीत त्या नेहमी घडतात. का ते पुढे सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडचा माणूस ‘हे काहून होऊन राहिलं?’ असं विचारतो, तेव्हा त्या एका ‘काहून’मध्ये तीन प्रश्न असतात. हे कशामुळे सुरू झालं? मलाच कसं झालं? आणि आता माझं पुढे काय होणार? तू पहिल्याचं उत्तर वीस मिनिटं दिलंस. काका तिसऱ्याची वाट पाहत बसले होते. ते मिळालं नाही म्हणून त्यांनी तुझ्याच शब्दांतून स्वतःचं उत्तर तयार केलं, ‘नस मेली’.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी याहून वाईट केलं होतं. एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पाहून मी त्यांना म्हटलं, ‘वयामुळे आहे, याला इलाज नाही, सवय करून घ्या.’ तिन्ही वाक्यं पुस्तकात बसतील अशी होती. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा भजनी मंडळात जाणं सोडलं होतं, रात्री झोप नव्हती, आणि चेहरा ओळखू येत नव्हता. ‘तुम्हीच म्हणालात नं, काही होणार नाही,’ असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की ते अजून विसरता आलेलं नाही. त्या दिवसापासून मी कारण सांगायच्या आधी एक प्रश्न विचारते, आणि तू उद्यापासून तो विचारावास असं मला मनापासून वाटतं: ‘तुमाले काय वाटते, हे कशामुळं होत असंन?’

विचार आणि गप्प बस. पहिलं उत्तर बहुधा ‘मले काय समजते बाई’ असं येतं. आणखी थोडं थांब. मग खरं बाहेर येतं. कुणाला मेंदूत गाठ झाली असं वाटत असतं. कुणाच्या वडिलांना लकवा झाला होता आणि त्याआधी त्यांचेही कान वाजत होते. कुणाला आपण ठार बहिरे होणार याची खात्री झालेली असते. बायका पुष्कळदा दार बंद आहे ना ते पाहून हळूच विचारतात, ‘मला वेड तर लागत नाही ना?’ एका गृहस्थांनी तर मोबाइलवर वाचून हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन स्वतःच बंद केली होती. ॲस्पिरिनने कान वाजतात हे खरं, पण ते मोठ्या डोसला. एवढ्या कमी डोसचा त्याच्याशी सहसा संबंध नसतो. मी विचारलं नसतं तर ती गोळी बंदच राहिली असती. तेव्हा रुग्णाच्या मनातलं कारण आधी टेबलावर येऊ दे. ते मनात तसंच असताना त्यावर तू कितीही सुंदर चित्र काढलंस तरी त्याला खालचंच दिसत राहतं.

आता प्रत्यक्ष समजावणं. मी कारणाचे दोन भाग करते आणि ते एकमेकांत मिसळू देत नाही. आवाज सुरू कशामुळे झाला, हा एक. आवाज जात का नाही, हा दुसरा. तू पहिल्यावरच थांबलीस, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

पहिल्या भागासाठी दारातली फरशी हे माझं आवडतं उदाहरण. घरात शिरणारा प्रत्येक जण उंबऱ्याजवळच्या फरशीवर पाय देतो, म्हणून ती आधी झिजते आणि आतल्या खोलीतली नवीच्या नवी राहते. अंतःकर्णाच्या शंखातही आवाज एका तोंडाने शिरतो, आणि त्या तोंडाशी बारीक, उंच सुराचे आवाज टिपणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. एका कानात बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२,००० आणि आतल्या रांगेत सुमारे ३,५०० केसपेशी. प्रेस शॉपमध्ये २८ वर्षं, किंवा गोळीबार चौकाकडे मागावर उभं आयुष्य, किंवा नुसतं वय, यात उंबऱ्याजवळच्या पेशी आधी थकतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. हे लपवायचं नाही, पण ‘मेल्या’ म्हणायचं नाही. ‘झिजल्या’ म्हण. झिजणं आपल्या माणसाला समजतं, त्याला तो घाबरत नाही. त्याचे गुडघेही झिजलेलेच असतात.

मग रेडिओ. काकांच्या वयाच्या माणसाने आकाशवाणीचं नागपूर केंद्र गावाकडे लावून ऐकलेलं असतं. स्टेशन नीट लागत नसलं की आपण काय करायचो? आवाज वाढवायचो. गाणं थोडं मोठं व्हायचं, पण सोबत खरखरही मोठी व्हायची. मेंदूचं तसंच आहे. कानाकडून उंच सुरांची खबर कमी यायला लागली की मेंदू आपल्या बाजूने बटण फिरवतो. मज्जातंतूंमध्ये थोडी हालचाल नेहमीच, अगदी शांततेतही, चालू असते. एरवी ती ऐकू येत नाही. बटण वर गेलं की तीच शिट्टीसारखी ऐकू येते. म्हणूनच बहुतेकांच्या शिट्टीचा सूर, जिथे त्यांचं ऐकणं उतरलेलं असतं, त्याच्याच आसपास असतो. काकांचा ऑडिओग्राम समोर ठेवून, ४,००० हर्ट्‌झपाशी रेघ खाली गेलेली असेल तर तिच्यावर बोट ठेवून हे सांगता येईल. ‘तुमची शिट्टी इथे आहे’ असं म्हटलं की माणूस वाकून पाहतो. कुठे आहे हेच माहीत नसलेल्या गोष्टीला घर मिळतं.

पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय जाणवतो, हे उदाहरण पुस्तकांत फार दिसतं. शास्त्राच्या दृष्टीने ते जवळचं आहे. मी मात्र ते वापरत नाही. आधीच घाबरलेल्या माणसापुढे कापलेला पाय आणायची काही गरज नाही.

त्यानंतर मी कूलरबद्दल विचारते. तूही ऐकलं असशील, नागपुरात कितीतरी जण सांगतात की आवाज दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू झाला. मी खोलात शिरून विचारू लागले तेव्हा कळलं की उन्हाळाभर रात्री उशाशी कूलर घरघरत असतो, मग काही दिवस पंखा, आणि थंडी पडली की कूलर झाकून ठेवतात, पंखाही बंद. त्या रात्री खोली पहिल्यांदा खरी शांत होते, आणि कधीपासून हळूच वाजत असलेली शिट्टी ऐकू येते. माणसाला वाटतं आजच काहीतरी फाटलं. शांततेत आवाज ऐकू येणं किती साधं आहे, हे हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवलं होतं. चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना त्यांनी ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं, तर ९४ टक्क्यांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. पुढच्या संशोधकांना हा आकडा कमी मिळाला, तरी निम्म्याहून अधिकच. हे ऐकून रुग्ण बरा होत नाही, पण ‘मलाच कसं’ या दुसऱ्या प्रश्नाची धार जाते. जगातल्या प्रौढांपैकी साधारण १४ टक्क्यांना कानातला आवाज येतो, हेही तेव्हाच सांग.

आता दुसरा भाग, आणि सगळं बळ इथे लाव.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं कुणी ओळखीचं आहे का, असं मी रुग्णाला विचारते. नागपुरात असतंच. रात्रभर गाड्या जातात, भोंगे वाजतात आणि ती माणसं गाढ झोपलेली असतात. पण त्याच घरात बाळ जरा खोकलं की आई खाडकन उठते. गाडीचा आवाज मोठा, खोकला बारीक. मग असं का? डोक्यात एक राखणदार बसलेला असतो. आवाज किती मोठा हे तो पाहत नाही, त्याचा अर्थ काय हे पाहतो. ज्यात धोका नाही त्याला तो दाराबाहेरच ठेवतो. ज्यात धोका वाटतो त्याला, तो कितीही बारीक असो, थेट उशाशी आणून उभा करतो, आणि सोबत छातीत धडधडही. आवाजाची जाणीव एकीकडे, आणि भीती व लक्ष यांच्या यंत्रणेशी तिची गाठ दुसरीकडे, ही मांडणी जॅस्ट्रेबॉफ या संशोधकाने १९९० मध्ये केली. दीर्घकाळच्या कर्णनादाचं, म्हणजे कानातल्या अशा आवाजाचं, समुपदेशन बरंचसं त्या पायावर उभं आहे. आवाज मोजायला घेतला तर बहुतेकांची शिट्टी त्याच सुराच्या त्यांच्या ऐकण्याच्या पातळीपेक्षा पाच-दहा डेसिबलच वर भरते, आणि तो आकडा त्रासाशी फारसा जुळत नाही. हा आकडा रुग्णाला सांगायचा तर जपून. ‘तुमचा आवाज तर इतकासाच आहे’ असं त्याच्या कानी गेलं तर तो पुन्हा तुझ्याकडे येणार नाही.

काकांचं काय झालं ते आता दिसतं का? तुझ्या खोलीतून बाहेर पडताना त्यांच्या राखणदाराला नवी खबर मिळाली होती, नस मेली, आता डोक्यात चढणार. मग तो रात्री झोपेल कसा? तो जागा, म्हणून काका जागे. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आवाज आणखी टोचणारा. आपण कारण सांगतो तेव्हा आपलं सांगणंच त्या कारणांमध्ये जाऊन बसतं. इतर कितीतरी आजारांत चुकीच्या शब्दाने मन दुखतं, आजार आहे तसा राहतो. इथे शब्दाने आजार वाढतो. म्हणून ‘कारण सांगूच नये का?’ याला माझं उत्तर आहे, सांगावंच लागेल. न सांगितलेलं कारण राखणदाराला सगळ्यात जास्त जागं ठेवतं.

काही शब्द मात्र कायमचे सोडून दे. ‘नस सुकली’, ‘नस कमजोर’, ‘काही उपाय नाही’. आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हेही. हे शेवटचं आपण मायेनं म्हणतो, पण माणसाला ऐकू येतं की हा आवाज मी मनाने तयार केला. ताणाबद्दल बोलायचंच असेल तर राखणदाराच्या बाजूने बोल: ‘आवाज टेन्शननं आला नाही. पण तुमी दमले, चिडले, झोपले नाई, का राखणदार बिथरते.’ हे पटतं, कारण त्याने ते स्वतः पाहिलेलं असतं.

कुणाला परत डॉक्टरांकडे पाठवायचं हे तुला माहीतच आहे, तरी हे सदर इतरही वाचतात म्हणून लिहिते. एकाच कानात आवाज, किंवा दोन कानांचे ऑडिओग्राम सारखे नसणं. नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक वाजणं, कारण तिथे रक्तवाहिन्या, रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहावं लागतं. सोबत चक्कर येणं, चेहरा वाकडा होणं. आणि एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, मेडिकल असो की मेयो, ही आपली दोन मोठी सरकारी रुग्णालयं. तिथे दिवस वाया गेले तर ऐकणं परत मिळण्याची संधी जाते. एमआरआय लिहून दिला असेल तर कशासाठी ते रुग्णाला सांग. क्वचित नसेवर हळू वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ असते, ती नाही ना एवढं पाहायचं असतं आणि बहुतेकांचा रिपोर्ट स्वच्छ येतो. हे आपण सांगितलं नाही तर मोबाइल सांगतो, आणि तो फक्त गाठ सांगतो.

कानाला इजा करू शकणाऱ्या औषधांसाठी जुन्या फायली उघडून पाहा. टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं झाली का, कॅन्सरसाठी सिस्प्लॅटिन दिलं का. चालू औषधाचा संशय आला तरी ते स्वतःहून बंद करायचं नाही, हे प्रत्येक वेळी बजाव. जबडा आवळून, मान वळवून पाहायला सांग. आवाज बदलत असेल तर जबडा आणि मान हाही कारणाचा भाग असू शकतो. दिवसभर खर्रा (तंबाखू-सुपारी) चघळणाऱ्यांना हे मी हटकून विचारते. आणि आधी कानात मळ नाही ना तेही पाहा. साधी गोष्ट, पण राहून जाते.

कधी ऑडिओग्राम अगदी चांगला येतो आणि आवाज असतोच. अशा वेळी ‘काहीच नाही’ म्हणू नकोस. आपल्या तपासणीच्या रेघेत न दिसणारी झीज पेशी आणि नसेच्या जोडावर असू शकते. उंदरांवरच्या प्रयोगांत ती २००९ मध्ये स्पष्ट दिसली. रुग्णाला एवढंच सांग: ‘धोक्याचं काही नाही हे तपासलं. नेमकं एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, पण आवाज टिकतो कसा हे माहीत आहे, आणि काम तिथेच करायचं आहे.’ पुष्कळांना खात्रीच्या खोट्या कारणापेक्षा हे चालतं.

‘मग जाईन का हे?’ असं विचारतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत ईडापीडा शहराबाहेर पाठवणारे आपण लोक. कानातला आवाजही तसा एका दिवसात कुणीतरी घेऊन जावा असं त्यांना वाटतं, आणि मलाही त्यांच्यासाठी वाटतं. पण तसं वचन देऊ नकोस. आवाज राहूनही त्याचा त्रास जातो, बऱ्याच जणांचा काळाबरोबर कमी होतो, हे खरं आहे आणि ते ठामपणे सांग. आवाज घालवण्यासाठी मान्यता मिळालेली गोळी आज नाही. जिन्को किंवा झिंकच्या गोळ्या देऊ नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. त्याच सूचनांत समजावून सांगणं, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राची चाचणी आणि वर्तन-विचार उपचार (सीबीटी, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) यांची शिफारस आहे. तुझं काम औषधाच्या आधीचं काहीतरी फुटकळ काम नाही, ते उपचारातच मोडतं. लसणाचं गरम तेल कुणी घालत असेल तर रागावू नकोस, थांबव. आणि कुणी ‘यापेक्षा मेलेलं बरं’ म्हणालं तर ते बोलण्याची रीत समजून सोडून देऊ नकोस. त्याला थांबवून घे, घरच्यांना आत बोलव, मानसोपचार तज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठव. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन रात्रंदिवस चालते, नंबर हातात लिहून दे.

आता काका. त्यांना याच आठवड्यात बोलव, मुलीलाही सोबत. आधी मान्य कर: ‘काका, त्या दिवशी मी खूप सांगितलं, पण तुमच्या मनात काय होतं ते विचारलंच नाही.’ मग ‘डोक्शात चढन का’ याचं उत्तर सगळ्यात आधी दे, ऑडिओग्राम उघडायच्याही आधी: ‘नाई चढत. हा आवाज पसरत नाई, यानं लकवा होत नाई.’ दोन्ही कान सारखे आहेत, धोक्याची एकही खूण नाही, हे डॉक्टरांनी पाहिलं आहे हेही सांग. मग फरशी, रेडिओ, अजनी. दहा मिनिटांत संपव. शेवटी मुलीकडे वळून काकांना म्हण, ‘आता तुमी सांगा पोरीले, कान काहून वाजते ते.’ त्यांच्या शब्दांत जे येईल ते ऐक. ‘नस मेली’ पुन्हा आलं तर न चिडता परत फरशीपाशी जा. रेडिओचं बटण किंवा राखणदार आला तर तेवढं पहिल्या भेटीत पुष्कळ झालं. पुढची भेट तीन आठवड्यांनी ठेव, आणि त्यात श्रवणयंत्र लावून पाहा.

आणि त्यांच्या घरचा कूलर अजून खिडकीला असेल तर काढू नका म्हणावं. पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा, सगळ्यात हळू वेगावर, रात्रभर.